माहेरचे डोस, सासरची वही

गुरुवार, लसीकरणाचा दिवस. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाची झड लागली आहे. आरोग्य केंद्रात फ्रीजरमधले आइसपॅक काढून टेबलावर ठेवलेत. ते लगेच लसीच्या डब्यात जात नाहीत. सिस्टर एकेक उचलून कानाशी हलवतात. आत पाणी डुचमळलं की मगच चार बाजूंना चार. बर्फ कडक राहिला तर पेंटाव्हॅलेंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस गोठते, आणि एकदा गोठली की ती फेकून द्यायची. डब्यात २ ते ८ अंशच हवेत.

मग हा निळा डबा मोटरसायकलवर, डांबर संपलं की खांद्यावर, साकव ओलांडून थेट वाडीतल्या अंगणवाडीत. लस पोचते. हे आधी सांगायला हवं, कारण डोस चुकला की बोट ती पोचवणाऱ्या सिस्टर नि आशाताईंकडंच दाखवलं जातं.

डोस चुकतो तो दुसरीकडंच. सातव्या महिन्यात ओटी भरली की गरोदर बाई माहेरी जाते. इथल्या कित्येकींचं माहेर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. धनुर्वाताची सुई सासरी, बाळंतपण माहेरी. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, तिकडंच. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोसही नेमके त्याच माहेरपणात येतात. ती परतते तेव्हा पिशवीत दोन राज्यांची दोन कार्डं असतात, आणि आशाताईच्या वहीत रकाने कोरे.

हे इकडचं कार्ड. छपाई कन्नड. मराठी शाळेत शिकलेली आई ते पुढं करते, "ताई, पुढची सुई कधी?" लस टोचल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्याच असतात: लस कुठली, त्रास काय होईल, परत कधी यायचं, कार्ड जपायचं. बदलून आलेल्या सिस्टर कन्नडमध्ये सांगतात, आशाताई मराठीत. त्या दिवशी आशाताई नसली तर तापाचं समजतच नाही. मग रात्री बाळ फणफणलं की सासूबाई पुढच्या डोसाला पाठवायला तयार होत नाहीत.

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळाव्या महिन्यानंतर. तो राहिला आणि गोवर आला, तर अशक्त पोरं आधी आडवी होतात.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या कामाला त्या निकालासाठी थांबायचं कारण नाही. कार्ड दोन्ही भाषांत छापा. आणि माहेरी आलेल्या-गेलेल्या बाळांची यादी खानापूर नि चंदगडच्या आरोग्य कार्यालयांनी दर महिन्याला एकमेकांना द्यावी.