मराठी वाक्य, इंग्रजी चूक

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय इंग्रजीतल्या चुकांचा आहे, पण सुरुवात मराठीपासूनच करावी लागेल. इंग्रजी शिकणारा माणूस जी चूक पुन्हा पुन्हा करतो, ती बहुतेक वेळा मराठीत अगदी बरोबर असलेल्या वाक्यातून आलेली असते. नियम त्याला पाठ असतो, परीक्षेत रिकाम्या जागाही तो बिनचूक भरतो. बोलायची वेळ आली की मात्र डोक्यात आधी मराठी वाक्य तयार होतं आणि त्यावर इंग्रजी शब्द बसवले जातात. आपल्या सोलापुरात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या दखनी. तरी बऱ्याच चुका सगळ्यांच्या सारख्या निघतात, कारण या भाषांची वाक्याची मांडणी एकमेकींना जवळची आणि इंग्रजीला लांबची आहे.

जवळ कागद-पेन असेल तर एक वाक्य लिहून घ्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज लिहितोय असं समजा. तो लिहितो, 'आय ॲम वर्किंग इन टॉवेल फॅक्टरी सिन्स फाइव्ह इयर्स.' अर्थ कळतो, पण एवढ्याशा वाक्यात तीन चुका आहेत.

पहिली क्रियापदाची. 'मी पाच वर्षांपासून काम करतोय' या वाक्यात मराठीला 'करतोय' पुरतं. इंग्रजीचं तेवढ्यावर भागत नाही. काम मागे कधीतरी सुरू झालं आणि अजून चालू आहे, या दोन्ही गोष्टी तिला क्रियापदातच हव्या असतात. म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग'. दुसरी चूक 'सिन्स'ची. आपलं 'पासून' दोन्हीकडे चालतं: 'पाच वर्षांपासून' आणि '2020 पासून'. इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांकडे आहेत. कसोटी सोपी आहे. ज्या वेळेवर कॅलेंडरात किंवा घड्याळात बोट ठेवता येतं, तिथे 'सिन्स': 2020, सोमवार, सकाळी 10, संक्रांत. किती काळ गेला ते सांगायचं असेल तिथे 'फॉर': पाच वर्षं, दोन तास, बरेच दिवस. तिसरी चूक, 'टॉवेल फॅक्टरी'च्या आधी 'अ' राहिला. दुरुस्त वाक्य असं: 'आय हॅव बीन वर्किंग इन अ टॉवेल फॅक्टरी फॉर फाइव्ह इयर्स.'

'हॅव' शिकलं की ते जिथे तिथे लागायला लागतं. 'मी काल अर्ज दिला आहे' हे मराठीत सहज चालतं, म्हणून 'आय हॅव गिव्हन द ॲप्लिकेशन यस्टरडे' तोंडी येतं. काल, परवा, गेल्या महिन्यात, 2019 मध्ये, अशी संपून गेलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' काढून टाका: 'आय गेव्ह द ॲप्लिकेशन यस्टरडे.' वेळ सांगायचीच नसेल, अर्ज दिलाय एवढंच कळवायचं असेल, तर 'आय हॅव गिव्हन' बरोबर. 'डिड नॉट वेंट' ही चूक बहुतेकांना माहीत असते आणि तरी घाईत होते. भूतकाळ एकदाच दाखवायचा. तो 'डिड'ने दाखवला, मग पुढे साधा 'गो'.

आता जोडवाक्यं. इथे मराठी जास्त दगा देते आणि शिकवतानाही इकडे कमी लक्ष जातं. 'जोपर्यंत हुतात्मा एक्सप्रेस येत नाही तोपर्यंत मी थांबतो.' यातला 'नाही' इंग्रजीत नेला की होतं, 'आय विल वेट अन्टिल द हुतात्मा एक्सप्रेस डज नॉट कम.' इंग्रज माणूस हे ऐकून गोंधळेल. 'अन्टिल'च्या पोटातच 'त्या क्षणापर्यंत' हा अर्थ आहे, नकाराची गरज नाही: 'अन्टिल द ट्रेन कम्स.' 'कम्स'कडेही लक्ष द्या, तिथे 'विल कम' नाही. 'तो येईल तेव्हा सांगेन' यातला 'येईल' बघून आपण 'व्हेन ही विल कम' म्हणतो. 'व्हेन', 'अन्टिल', 'आफ्टर' यांच्या मागोमाग येणारी पुढची गोष्ट इंग्रजी वर्तमानकाळात सांगते. 'विल' वाक्याच्या दुसऱ्या तुकड्यात ठेवायचा.

तसंच 'जरी-तरी'. मराठीत ही जोडी लागते, म्हणून 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' इंग्रजीला दोन तुकडे जोडायला इथे एकच शब्द पुरतो. 'ऑलदो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'बिकॉज'नंतर 'सो' आणतात तिथेही हेच. 'इफ'नंतर 'देन' मात्र चालतो.

'अ', 'ॲन' आणि 'द' यांच्यापुढे भलेभले हात टेकतात. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नसून उच्चारावर ठरतं, आणि यात देवनागरी वाचणाऱ्याची सोय आहे. शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन': अवर, ऑनेस्ट, एमआयडीसी प्लॉट. व्यंजन आलं तर 'अ': युनिफॉर्म, युनिव्हर्सिटी, वन-वे रोड. इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नका. 'द'चं थोडक्यात सांगायचं तर, कोणती वस्तू ते ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर 'द'. नद्यांच्या आणि गाड्यांच्या नावांना तो लागतो: द भीमा, द सीना, द सिद्धेश्वर एक्सप्रेस. सोलापूर, पंढरपूर अशा गावांना लागत नाही.

'फर्निचर', 'इन्फर्मेशन', 'लगेज' यांना शेवटी 'स' लावू नका. 'वन ऑफ माय फ्रेंड्स'मध्ये मात्र तो हवाच. आणि 'प्रिपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, म्हणणाऱ्याला हसू नका. तो शब्द मुख्यतः भारतात वापरला जात असला तरी ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. चूक वेगळी आणि आपल्याकडची ढब वेगळी.

लिहिलेलं तपासताना एकाच वाचनात सगळं शोधू नका, नजर निसटते. तीनदा वाचा. पहिल्यांदा फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि जवळच्या वेळेच्या शब्दाशी ती जुळतात का पाहा. दुसऱ्यांदा फक्त नामं: प्रत्येकाच्या आधी 'अ', 'द' की काहीच नको? तिसऱ्यांदा जोडणारे शब्द. बोलताना मात्र मध्येच थांबवून कुणाला दुरुस्त करू नये. विशेषतः आईवडिलांनी मुलांना तर नाहीच. वाक्य पुरं होऊ द्यावं, मग त्यांचंच वाक्य बरोबर करून सहज उत्तरात म्हणावं.

राहता राहिली मुलाखतीतली एक खोच. साहेब विचारतात, 'डोन्ट यू हॅव अ लायसन्स?' तुमच्याकडे लायसन्स नाहीये. मराठीत आपण 'हो, नाहीये' म्हणतो. हा 'हो' विचारणाऱ्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत तुम्ही नुसतं 'येस' म्हणालात की लायसन्स आहे असा अर्थ होतो. तिथे प्रश्न कसा विचारला ते विसरा आणि वस्तुस्थिती सांगा. नसेल तर 'नो, आय डोन्ट', असेल तर 'येस, आय डू'. पुढचे दोन शब्द गाळू नका, म्हणजे ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावं लागत नाही.