सातबाऱ्यावर नाव नसलेली माणसे

यवतमाळ जिल्ह्यातील या वावरात कापसाची वेचणी सुरू आहे. वेचणाऱ्या या ताईंच्या यजमानांनी अशीच जमीन मक्त्याने, म्हणजे भाड्याने घेऊन, कसली होती. मक्त्याचे पैसे आधी मोजून द्यावे लागतात, व्यवहार तोंडी असतो, आणि पुढे कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, या भीतीने मालक कागद करून देत नाही. बियाणे व खत कृषी केंद्रातून उधारीवर येते आणि उरलेली नड गावातला बिनपरवाना सावकार भागवतो. लागोपाठच्या नापिकीनंतर यजमानांनी आत्महत्या केली.

अशा कुटुंबांसाठी राज्य सरकारने 2006 मध्ये एक लाख रुपयांची मदत ठरवली. मात्र जमीन कुटुंबातील कोणाच्या तरी नावावर आणि कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. स्वतःची जमीन नाही म्हणून ज्याला बँकेचे कर्ज मिळाले नाही, नेमके त्याचेच प्रकरण त्यामुळे अपात्र ठरते.

दुसरा आधार 1980 पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा. तिच्यातून विधवांना दरमहा 1500 रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असावे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे. हा आकडा नीट पाहायला हवा. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला 312 रुपये ठरला होता. या दराने 68 दिवस माती उपसली, की 21,216 रुपये होतात. तेव्हाच्या कायद्याने हमी दिलेले 100 दिवस पूर्ण करण्याच्या कितीतरी आधी ही बाई निराधार राहत नाही. सातबाऱ्यावर तिचे नाव कधी लागले नाही, पण हजेरीपटावर मात्र ते आहे. ज्यांची तालुक्याला ओळख आहे, त्यांना उत्पन्नाचा दाखला बसवून घेता येतो. खरे उत्पन्न सांगणारी बाई परत पाठवली जाते, आणि आमच्या मते हा दोष तिचा नसून अटीचा आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या आकडेवारीनुसार 2023 मध्ये जगातील 52.4 टक्के लोकांना सामाजिक सुरक्षेचा किमान एक लाभ मिळत होता. अल्प उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण 9.7 टक्केच होते. तेथे मुळात निधीच अपुरा आहे. पण भारताहून गरीब असलेल्या नेपाळने 1990 च्या दशकात वृद्धभत्ता सुरू केला, तेव्हा उत्पन्नाची अट घातली नाही. वय भरणे पुरेसे मानले.

येथे कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, तहसिलीला जायचे, तर एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी दोन्ही जातात, आणि एका फेऱ्यात काम होईलच असे नाही. ताईंच्या पिशवीतील अर्जाला आधार कार्ड आहे, यजमानांच्या मृत्यूचा दाखला आहे, रहिवासाचा पुरावा आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या तिसऱ्यांदा जाणार आहेत, वेचणी संपल्यावर.