मचाणावरची सोबत

श्रोतेहो, नमस्कार.

बुद्धपौर्णिमा जवळ आली की मला मचाणाचे वेध लागतात आणि पहिला प्रश्न पडतो, यंदा सोबतीला कोण?

माझे आजोबा पेठ-सुरगाण्याकडच्या रानात शिकारीला जात. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हा यायचा होता. त्यांच्या गोष्टींत ‘मी’ फार कमी यायचा. ‘आम्ही हाका काढला’, ‘आम्ही गाऱ्यावर बसलो’, असंच ते सांगत. गारा म्हणजे वाघ-बिबट्याने मारून टाकलेलं जनावर. डबे बडवत, आरोळ्या देत रान उठवणारे हाकारे पाड्यांवरचे असत. जनावर उलटलं तर आधी त्यांच्या अंगावर येणार. ही माणसं वाघबारशीला वाघदेवाला नैवेद्य दाखवणारी. रान त्यांना जास्त कळायचं, हे आजोबा न चुकता सांगत.

जखमी बिबट्याचा माग काढणं हे सगळ्यांत अवघड काम. एकाची नजर खाली, पाचोळ्यावरच्या रक्ताच्या थेंबांवर. दुसऱ्याची पुढच्या जाळीवर, बंदूक तयार. खाली बघणाऱ्याने मान वर करायची नाही आणि वर बघणाऱ्याने खाली पाहायचं नाही. म्हणजे आपला जीव पूर्णपणे दुसऱ्याच्या डोळ्यांवर सोपवायचा. आजोबांचे जोडीदार कोकणा जमातीतले एक म्हातारे होते. त्यांच्याशिवाय आजोबा कधी जाळीत शिरले नाहीत, आणि ते गेल्यावर आजोबांनी बंदूक खाली ठेवली ती कायमची. मला ही गोष्ट कुठल्याही वाघाच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते.

जिम कॉर्बेट एकट्याने फिरणारा शिकारी म्हणून आपण ओळखतो. पण 1907 साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, तेव्हा हाक्याला सुमारे तीनशे गावकरी होते. कॉर्बेटची काडतुसं ऐन वेळी संपली आणि शेवटचा बार त्याने तिथल्या तहसीलदाराच्या बंदुकीने काढला. त्या वाघिणीच्या नावावर 436 बळी होते.

आता आपल्याकडे शिकार नाही, आणि ते योग्यच आहे. मी बसतो ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, पाणवठ्यावरच्या प्राणीगणनेला. वैशाखात बाकीचं पाणी आटलेलं असतं आणि चांदणं लख्ख, म्हणून ही रात्र.

एका वर्षी जोडीदार आयत्या वेळी आजारी पडला आणि मी एकटाच चढलो. दोनच्या सुमाराला पाण्याशी काहीतरी वाकलं. तरस की बिबट्या? शेपूट दिसली नाही. डोळे ताणले, तेवढ्यात ते गेलंही. विचारायला कुणी नव्हतं. तक्त्यात त्या वेळेपुढे मी जागा मोकळी सोडली. ती मोकळी जागा मला अजून टोचते. शांतता हवी म्हणून लोक रानात एकटे जातात. मला त्या रात्री शांतता भरपूर मिळाली, पण जे पाहिलं ते खरं होतं का, हे सांगणारं कुणी मिळालं नाही.

पुढच्या वर्षी जोडीदार बरा होऊन आला. मचाणावर बोलायचं नसतं, म्हणून आमची खूण ठरलेली, गुडघ्यावर एकदा दाबलं तर रानडुक्कर, दोनदा दाबलं तर बिबट्या. पहाटे मला डुलकी लागली होती. गुडघ्यावर हात पडला. एकदा. मग जरा थांबून, दुसऱ्यांदा.