टिलावा, नोव्हेंबर १९४२

[दृश्य: बॅलार्ड पिअरची जुनी छायाचित्रे]

२० नोव्हेंबर १९४२. ब्रिटिश इंडिया कंपनीची दहा हजार टनी आगबोट 'टिलावा' मुंबईहून सुटली. पुढे मोंबासा, मापुतो, डर्बन. बोटीवर ९५८ माणसं, त्यांत ७३२ प्रवासी, बहुतेक भारतीय. मालात साठ टन चांदी.

२३ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्सच्या ईशान्येला ९३० मैलांवर, जपानी पाणबुडी आय-२९ चा टॉर्पेडो बसला. (पाच महिन्यांनी मादागास्करजवळ जर्मन पाणबुडीतून नेताजींना उतरवून घेतलं, ते याच आय-२९ नं.)

[दृश्य: डेव्हिटला, म्हणजे होडी उतरवायच्या लोखंडी हातांना, टांगलेली लाइफबोट, जवळून]

त्या टॉर्पेडोनं बोट लगेच बुडाली नाही. पण अंधारात एकच झुंबड उडाली, आणि लाइफबोट उतरवायला शिस्तच लागते. ती पुढच्या नि मागच्या अशा दोन दोरांवर लोंबते. दोन्हीकडचे खलाशी सारख्याच वेगानं दोर सोडत असतील, तरच ती आडवी राहते. एक टोक जरा जरी आधी सुटलं, तर ती उभी लटकते आणि आतली माणसं समुद्रात सांडतात. जहाज कललं असेल, तर वरच्या अंगाची होडी बाजूच्या पत्र्यावर घासत उतरते. खालच्या अंगाची जहाजापासून इतकी लांब झुलते की आत पाय टाकणं कठीण. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तळातलं बूच एरवी काढून ठेवलेलं असतं. घाईत ते बसवायचं राहिलं, की होडी पाण्याला टेकताच भरू लागते. शिवाय लाकडी होडी महिनोन्‌महिने उन्हात टांगलेली. फळ्या आकसून सांधे उघडतात. फळ्या भिजून फुगेपर्यंत पाणी उपसतच राहावं लागतं.

बोट तरंगतेय असं पाहून काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला आणि टिलावा बुडाली. २८० जण गेले.

[दृश्य: उघडा समुद्र, दुपार]

उरलेले लोक होड्यांत आणि तराफ्यांवर. गोडं पाणी मोजून द्यायचं. तहान असह्य झाली तरी समुद्राचं प्यायचं नाही, कारण त्यातलं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडांना प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागतं. डोक्यावर कापड हवंच. घाम वाचवला तेवढंच पाणी वाचलं.

२५ तारखेला ब्रिटिश युद्धनौका, क्रूझर 'बर्मिंगहॅम', पोहोचली. ६७८ माणसं वाचली, त्यांतली बहुतेक तिनंच उचलली आणि २७ ला मुंबईत आणली.

चांदी २०१७ मध्ये तळातून वर काढली गेली. ती दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची होती; वर काढणाऱ्या कंपनीला त्याच्या मोबदल्यासाठी दावा लावता येतो का, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला चालला. २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं लागला.