वसंतातील पक्षीनिरीक्षण: आधी झाडी, मग माळ, शेवटी पाणी

नमस्कार. वसंतात एकाच दिवशी झाडी, माळरान आणि पाणथळ अशा तिन्ही अधिवासांतील पक्षी पाहायचे असतील, तर ठिकाणांच्या निवडीइतकाच त्यांचा क्रमही विचारपूर्वक ठरवावा लागतो.

सुरुवात झाडीपासून करावी आणि उजाडण्यापूर्वीच तेथे पोहोचावे. पहाटे वारा पडलेला असल्याने आवाज लांबवर ऐकू येतो, आणि हा विणीचा हंगाम असल्याने दयाळ, कोकीळ, पावशा यांचे नर याच वेळी सर्वाधिक बोलतात. उन्हे वर आली की भटकत बसण्यापेक्षा फुललेली काटेसावर किंवा पळस गाठून त्याच झाडाखाली तासभर थांबणे मला अधिक फलदायी वाटते, कारण मधासाठी मैना, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर आपणहून तेथे येतात. जांभळ्या शिंजिराचा नर अवश्य निरखून पाहावा. विणीचा काळ नसताना त्याच्या पिवळसर पोटावर मधोमध एक गडद पट्टा असतो. पुढे तोच नर अंगभर चकचकीत जांभळट काळा होतो, आणि पिसे बदलत असताना दिसला, तर अंगावर दोन्ही रंगांची ठिगळे असतात.

ऊन तापण्यापूर्वी माळावर यावे. नीलपंखाचा नर उंच चढून कर्कश ओरडत, डावीकडे-उजवीकडे कलंडत खाली झेपावतो, तेव्हा एरवी मिटलेल्या पंखांतला निळा रंग उघडा पडतो. येथे पाऊल मात्र जपून टाकावे, कारण टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि त्यांचा ठिपकेदार रंग खड्यांत मिसळून जातो. ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, की आल्या वाटेने मागे फिरावे. ती उठून गेल्यावर उन्हात उघडी पडलेली अंडी लवकर तापतात.

दुपारी सावलीत बसावे. तेव्हाही टुक्‌टुक् करणारा तांबट सोबतीला असतोच.

पाणथळ जागा संध्याकाळसाठी राखून ठेवावी आणि पश्चिमेकडच्या काठावर उभे राहावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो व समोरच्या पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये हे महत्त्वाचे ठरते, कारण परतीच्या वाटेवरील पाहुण्यांनी विणीचा पेहराव चढवायला सुरुवात केलेली असते: हिवाळ्यात फिकट दिसणारा पिवळा धोबी गडद पिवळा होतो, तर राखाडी पंटिवळ्याची मान विटकरी होते. ओळख पटवताना हिवाळी चित्रावर विसंबू नये, एवढेच.

नोंदी करताना दिवसभराची एकच यादी न करता प्रत्येक अधिवासाची स्वतंत्र यादी वेळेसह लिहावी. कोणता पक्षी कोठे आढळला, हे एकत्र यादीत हरवते. घरट्यांची नेमकी जागा आणि छायाचित्रे मात्र वीण संपेपर्यंत कोठेही टाकू नयेत.