तान्ह्या बाळाची राखण आणि ब्युरोचा हिशेब

(घरकामगार दिनानिमित्त पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. 2011 साली 16 जूनला जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरकामगारांविषयीचा 189 क्रमांकाचा करार मंजूर केला, म्हणून आजचा दिवस घरकामगारांचा. त्यातलं पंधरावं कलम मला तुमच्यापुढे ठेवायचं आहे. खासगी एजन्सीची फी कामगाराच्या पगारातून कापली जाऊ नये, याची तजवीज सरकारने करावी, असं ते सांगतं. भारताने या कराराच्या बाजूने मत दिलं, पण त्यावर शिक्कामोर्तब मात्र केलेलं नाही. त्यामुळे आपल्याकडच्या ब्युरोंना, म्हणजे घरोघरी कामाला बाया पुरवणाऱ्या एजन्सींना, हे कलम बांधून ठेवत नाही.

आपल्याकडे हे काम चालतं कसं? बाळ सांभाळायला बाई हवी म्हणून कुटुंब ब्युरोकडे जातं, फी भरतं, बहुधा अकरा महिन्यांचा करार होतो. बाई सोडून गेली तर बदली किती वेळा मिळेल, ते त्यात लिहिलेलं असतं. करार कुटुंब आणि ब्युरो यांच्यात. ज्या बाईच्या कामाबद्दल तो आहे, तिच्या हातात बहुतेक वेळा त्याची प्रतही नसते. काही ब्युरो पहिल्या पगारातून कमिशन घेतात. काही ठिकाणी तर कुटुंब रोजाचे पैसे थेट ब्युरोला देतं आणि ब्युरो दररोजची कापणी करून उरलेले बाईला देतो. कुटुंबाने नेमके किती मोजले, हे तिला कळतच नाही.

आता अनुभवाकडे येते. ‘दहा वर्षांचा अनुभव असलेली बाई’ म्हणून ब्युरो कुटुंबाला जास्त दर सांगतो. तो वाढीव दर बाईच्या पगारात उतरला पाहिजे, एवढीच माझी मागणी आहे. नव्या घरी गेली की बाई पुन्हा पहिल्या पायरीवर, आणि आदल्या घरची वर्षं मात्र ब्युरोच्या जाहिरातीत, हे मला अन्यायाचं वाटतं.

अनुभव म्हणजे काय, ते आईबापांनी नीट समजून घ्यावं. दूध पाजल्यावर ढेकर काढणं कोणीही शिकतं. पण आज लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले झाले, बाळ दुधाला उठत नाही, नुसतं झोपून राहिलंय, हे दुपारीच ओळखून आईला ऑफिसात फोन करणं अनुभवाने येतं. घास अडकला तर तान्ह्या बाळाला पालथं धरून दोन खांद्यांच्या मध्ये थापट्या द्यायच्या, तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, हे त्या क्षणी आठवावं लागतं. अर्थात वर्षं मोजली की झालं, असंही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, कानात तेल घालायचं नाही, झोपवायचं ते पाठीवर, हे जुन्याजाणत्या बायकांनाही शिकवावं लागतं. ते शिक्षण ब्युरोने आपल्या खर्चाने द्यावं. दर अनुभवाचा लावायचा आणि शिकवण्यावर काही खर्चायचं नाही, हे चालणार नाही.

चोवीस तासांच्या कामाचं गणित तर बघवत नाही. समजा पगार 24,000 आहे. तीस दिवसांचे 720 तास झाले, म्हणजे तासाला 33 रुपये. झोपेचे रोज आठ तास वजा केले तरी तासाला 50 भरतात. आणि ती झोप कसली? बाळ दोनदा उठतं, तेव्हा तीही उठते. त्यातून खाडा झाला की दिवसाचे पैसे कापले जातात. दुपारचे सलग दोन तास तिचे स्वतःचे, आठवड्याची भरपगारी सुट्टी आणि रात्रीच्या जागरणाचा वेगळा दर, एवढं तरी ठरलेलं हवं.

यावर तरुण आईबाप म्हणतात, आमचाही पगार पुरत नाही. ते खरं आहे. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय मालकाने करावी, असंही त्यात आलं. ती सोय खरोखर आणि परवडेल अशी मिळाली असती, तर सहा महिन्यांच्या बाळाचा सगळा भार एका घराच्या पगारावर पडला नसता. तेव्हा भांडायचं असेल तर आपल्या कंपनीशी भांडा. बाईच्या पगारातून ती कसर काढू नका.

कायद्याचा आधार तोकडा आहे. महाराष्ट्रात 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं, त्यात नोंदणी होते, काही मदत मिळते. ब्युरोने किती कापावं हे तो कायदा ठरवत नाही. छत्तीसगडने 2013 मध्ये अशा एजन्सींसाठी कायदा केला, दिल्लीने 2014 मध्ये आदेश काढला. आपण मागे का? 1980 साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला, संघटना उभी केली. पगारवाढ, हक्काची सुट्टी हे विषय तेव्हापासून या शहराला माहीत आहेत. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राला घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला समिती नेमण्यास सांगितलं.

कायदा येईल तेव्हा येवो. ब्युरो चालवणाऱ्या ज्या ताई आज इथे आल्या आहेत, त्यांना माझं सांगणं आहे की फी फक्त कुटुंबाकडून घ्या, करारावर बाईचीही सही घ्या, तिला प्रत द्या, आणि किती वर्षं, किती महिन्यांची बाळं सांभाळली याचा दाखला तिच्या नावाने तिच्याच हाती द्या. ब्युरो बदलला तरी तो तिच्याबरोबर जाईल.

आणि आईबापांना एक. मूल शाळेत जाऊ लागलं की हिचं काम संपतं, बहुधा आठ दिवसांच्या सांगण्यावर. कंपन्यांत ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, हिशेब वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराचा असतो. महिन्याच्या पगाराला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं. घरातल्या नोकरीला तो कायदा लागू नाही, पण हिशेब वापरायला कोणाची मनाई नाही. 20,000 पगारावर पाच वर्षांचे साधारण 57,700 रुपये होतात. दर महिन्याला हजाराच्या आत बाजूला ठेवले तरी जमतात. बाई कामावर रुजू होईल त्याच दिवशी ही रक्कम करारात लिहा.