एका बागेतल्या दोन जमिनी

(दृश्य : निफाड तालुक्यातील द्राक्षबाग, एप्रिल महिना. खरड छाटणी, म्हणजे फळे काढल्यानंतरची छाटणी, उरकलेली, मांडवावर पान नाही.)

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत द्राक्षबाग दाखवायची म्हटली की कॅमेरा आपोआप वर वळतो, कारण पाने, घड आणि मण्यांची फुगवण हे सगळे मांडवावर असते. आज आपण खाली पाहणार आहोत. या बागेत एका ओळीपासून शेजारच्या ओळीपर्यंत गुडघाभर खोल चर आडवा खणला आहे. खोडाजवळच्या बोदात, म्हणजे ओळीतल्या मातीच्या उंच वरंब्यात, माती भुसभुशीत आहे आणि तीत सुतासारखी पांढरी मुळी दिसते. जिथून ट्रॅक्टरचे चाक जाते, तिथे मात्र तीच काळी माती घट्ट थर धरून बसली आहे आणि मुळ्या त्या थराशी येऊन वळल्या आहेत.

नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ९६८ वेली बसतात, आणि एकदा लावलेली वेल उपटेपर्यंत जागेवरून हलत नाही. कांदा, गहू किंवा सोयाबीनच्या रानात पीक बदलते, मशागतीने सगळे शेत खालीवर होते. द्राक्षात मात्र पाणी, खत आणि शेणखत वर्षानुवर्षे एका पट्ट्यात पडते, तर चाक शेजारच्या पट्ट्यातून फिरते. सातबाऱ्यावर जमीन एकच असते, पण व्यवस्थापनामुळे तिच्या दोन जमिनी होतात आणि त्यांची दुखणीही वेगवेगळी असतात.

(दृश्य : ऑक्टोबर. ओल्या बागेत ब्लोअर, म्हणजे फवारणीयंत्र, ओढणारा छोटा ट्रॅक्टर.)

चाकाच्या पट्ट्याचे दुखणे प्रामुख्याने या दिवसांत सुरू होते. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळे येण्यासाठीच्या छाटणीनंतर, कोवळ्या फुटी निघालेल्या असताना परतीचा पाऊस आला, तर केवडा, म्हणजे बागायतदार ज्याला डाऊनी म्हणतात तो रोग, कोवळ्या घडांवरच उतरू शकतो. अशा वेळी जमीन वाफशावर, म्हणजे जादा पाणी निथळून बेताच्या ओलीवर, येण्याची वाट पाहणे परवडत नाही. पाऊस उघडला की ट्रॅक्टर बागेत घालावा लागतो, आणि नेमक्या त्याच वेळी काळी माती दाबाला सर्वांत लवकर बळी पडते, कारण ओलाव्याने तिचे कण एकमेकांवरून सहज सरकतात आणि त्यांच्यामधल्या हवेच्या मोठ्या पोकळ्या मिटतात. जमीन दबण्याचे बरेचसे नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जाते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून स्वतःला थोडी मोकळी करते हे खरे, पण खोलवरचा दाबलेला थर एवढ्याने सुटत नाही. शेतकऱ्याला हे कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. घड आणि जमीन यांपैकी एकच वाचवायची वेळ आली, तर वर्षाचे कर्ज अंगावर असलेला माणूस घडच वाचवणार.

मात्र त्या दिवसाची तयारी जून महिन्यात करता येते. ओळींमधल्या जागेत हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून तो फुलोऱ्यावर येताच कापून तिथेच पसरला, किंवा तिथले गवत तणनाशकाने जाळण्याऐवजी ग्रासकटरने वरचेवर छाटून मुळे जमिनीत राहू दिली, तर त्या मुळ्यांच्या जाळीवर चाकाचा भार पेलला जातो आणि पाणीही लवकर मुरते. पावसाळ्यात ओल मुबलक असल्याने हे गवत वेलीशी पाण्यासाठी फारसे भांडत नाही. रोटाव्हेटरने स्वच्छ केलेली, तणाची काडीही नसलेली बाग गावात नेटकी म्हणून वाखाणली जाते. पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटून पृष्ठभागावर पापडी धरतात, ते मात्र त्या कौतुकात दिसत नाही.

(दृश्य : बोदावरील ठिबकची नळी. ओलाव्याच्या कडेला पांढरी रेघ.)

आता बोदाकडे वळू. ठिबकखाली पाणी कांद्याच्या आकारात पसरते आणि त्यातले क्षार ओलाव्याच्या कडेला जाऊन साचतात. उन्हाळ्यात विहिरीचे किंवा बोअरचे पाणी खारे असेल, तर ही पांढरी रेघ ठळक होत जाते. पहिला हलका पाऊस हे क्षार धुऊन नेत नाही, उलट मुळांकडे ढकलतो. त्यामुळे अशा पावसात ठिबक बंद न करता चालू ठेवणे हिताचे असते, जरी शेजाऱ्याला ते वेडेपणाचे वाटले तरी. पाण्यात सोडियम जास्त असल्यास चिकणमातीचे कण सुटे होतात, निचरा थांबतो आणि जमीन चोपण, म्हणजे चिकट आणि पाणी न मुरणारी, होऊ लागते. त्यावर जिप्सम उपयोगी पडते, पण सुटलेला सोडियम वाहून नेणारा निचरा असेल तरच. चुनखडीच्या जमिनीत गंधक दिल्यास जिवाणू त्याचे आम्ल करतात आणि जमिनीतलाच चुना विरघळून कॅल्शियम मोकळे होते. याच चुनखडीच्या जमिनीत पाणी जास्त झाले की नवी पाने पिवळी पडतात. जमिनीत लोह असते, पण वेलीला ते उचलता येत नाही. अशा वेळी लोहाची पिशवी आणण्याआधी वाफसा तपासावा.

मांडवावरून खाली उतरणारी एक गोष्ट दोन्ही पट्ट्यांत साचते, ती म्हणजे तांबे. एक टक्का बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुना यांच्या बुरशीनाशकात, शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद लागते आणि त्यात सुमारे पाव किलो तांबे असते. एकरी ४०० लिटर फवारले, तर एका फवारणीत एक किलो तांबे बागेत पडते. तांबे कुजत नाही आणि उडूनही जात नाही. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने एकरी वर्षाला सुमारे १.६ किलो, अशी मर्यादा घातली आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत तांबे घट्ट बांधले जाते, म्हणून वेलीवर त्याचा परिणाम लवकर दिसत नाही. मात्र वरच्या थरात राहणाऱ्या गांडुळांच्या वाट्याला ते येतेच.

(दृश्य : बांधावर पेटवलेल्या छाटणीच्या काड्या, पुढच्या चौकटीत काड्यांचा भुगा करणारे श्रेडर यंत्र.)

या काड्या पूर्वी सर्रास जाळल्या जात, आणि रोगाची भीती हे त्याचे कारण खोटे नव्हते. आता अनेक जण त्यांचा भुगा करून शेणखताबरोबर कुजवतात आणि मग बोदात घालतात. कच्चा भुगा थेट मातीत मिसळला, तर तो कुजवणारे जीवाणू काही काळ जमिनीतला नत्र अडवून धरतात, म्हणून आधी कुजवणे बरे.

(दृश्य : पुन्हा एप्रिलमधला चर. दोन पिशव्यांत मातीचे दोन नमुने.)

माती परीक्षणाचा नमुना बहुतेक बागायतदार बोदातूनच घेतात. या बागेत दोन नमुने वेगळे घेतले आहेत, एक बोदातला आणि एक चाकोरीतला, कारण ही बाग आता उपटायची आहे. नव्या लागवडीच्या ओळी साडेचार फूट सरकणार आहेत, आणि नव्या रोपाचा खड्डा नेमका जुन्या चाकोरीत येणार आहे.